परत मागितलेली पत्रकं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील शिरूरच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझा अभ्यास व्हायचा. मोठी झाल्यावर मीच पत्रकं लिहायला लागले. मालकांबद्दल, मुकादमांबद्दल, न विचारता माणसांना गृहीत धरणाऱ्या सगळ्यांबद्दल. त्या न विचारणाऱ्यांत माझाही नंबर लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

कासुर्डीजवळच्या एका गुऱ्हाळावर मी गेले होते ते कामगारांच्या पिण्याच्या पाण्याची चौकशी करायला. तिथं एक बैगा आदिवासी कुटुंब कामाला होतं. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. सुनेला आठवा महिना. "कुठल्या तुम्ही?" विचारलं तर म्हातारी म्हणाली, "डिंडोरी." मला वाटलं नाशिकची दिंडोरी. मी म्हणाले, "मग मराठी येत असेल की." ती हसली. तिची डिंडोरी मध्य प्रदेशात होती.

त्यांच्या खोपीची एक भिंत तिनं मातीनं लिंपून घेतली होती आणि त्यावर चुन्यानं नि गेरूनं चित्र काढत होती. मधोमध एक बाई, दोन्ही हात पसरलेली, अंगभर झाडं आणि बिया. तिच्या पायाशी वाघ. वाघाचं तोंड मिटलेलं. चहूबाजूंनी त्रिकोणांची आणि ठिपक्यांची ओळ होती, आणि अगदी तशीच ओळ म्हातारीच्या पिंढऱ्यांवर गोंदलेली होती.

"ये धरती माई," ती म्हणाली. "ये बघेसुर, बाघ देवता. बच्चा आने वाला है ना. देखता रहेगा."

मी भारावून गेले. मोबाईल काढला. गुऱ्हाळाचे मालक, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, काहिलीजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी हाक मारली, "आप्पा, भिंतीचा फोटो काढला तर चालेल ना?"

"काढा की. भिंत काय नकू म्हनायची हाय व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. म्हातारी चुन्यानं भरलेले हात घेऊन माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती. आप्पांविरुद्ध पत्रक लिहायला आलेली मी, परवानगी मागितली ती आप्पांना.

पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. वर तिचं चित्र घ्यायचं ठरवलं. खाली वाक्य टाकलं, 'धरतीला आई मानणाऱ्यांना प्यायला पाणी नाही.' शिरूरच्या छापखान्यात स्क्रीनवर जुळणी करणारा म्हणाला, "ताई, तुमच्या पत्रकावर नेहमी नांगर असतो. तो कुठं टाकू?"

नांगर आमच्या पत्रकांवर वडिलांच्या काळापासून आहे. नांगर म्हणजे कष्ट, नांगर म्हणजे हक्क. मी मान हलवली.

"मग हितं टाकतो. बाईच्या छातीवर झाडांच्या मधी जागा हाय मोकळी. बघा, फाळ नेमका बसतोय."

मी बघितलं आणि म्हणाले, "छान."

बैगा लोक जुन्या काळी नांगर धरत नसत, हे मला माहीत होतं. मी वाचलं होतं. आईच्या छातीत फाळ घालायचा नाही, म्हणून ते जंगलातली झाडी जाळून तिच्या राखेत बी टाकत. एका सभेत मी हे टाळ्या घेत सांगितलंही होतं. पण ती गोष्ट माझ्याकडे भाषणाच्या कप्प्यात होती आणि नांगर घरातला होता. दोघांची कधी गाठच पडली नाही.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात आम्ही पत्रकं वाटली. दुसऱ्या दिवशी एक प्रत घेऊन मी न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि तिथून जीपनं कासुर्डीला गेले. मला म्हातारीचा आनंद बघायचा होता.

तिनं हात लुगड्याला पुसून कागद घेतला. आपलं चित्र ओळखलं, बोट फिरवलं, आणि बोट फाळावर येऊन थांबलं.

"ये का है?"

"नांगर. हल."

तिनं सुनेकडे बघितलं. सून दारात चिपाडं निवडत बसली होती. तिला म्हातारीनं आत जायला सांगितलं, मगच माझ्याशी बोलली, तेही हळू.

"माई की छाती में हल डाला तूने?"

मी सांगायला लागले की आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा असतो, कष्टाचा मान असतो. माझं मलाच ऐकवेना. तिनं ऐकून घेतलं. मग बादलीतली ओली माती घेतली आणि भिंतीवरचं चित्र लिंपून टाकलं. आधी वाघ, मग बाई. तळव्यानं, घाई न करता.

"दूसरा बनाओगी ना?" मी विचारलं.

"कैसे बनाऊँ? माई इतनी जगह फटी पड़ी है." तिनं हातातल्या पत्रकाकडे मान वळवली. "सब कागज ला. एक भी बाहर रहा तो नहीं बनेगा."

सुनेचे दिवस भरत आले होते. राखणदाराविना बाळ येणार होतं आणि ते माझ्यामुळे. माझा वाघावर विश्वास आहे का, हा प्रश्न तिथं कुणी विचारला नव्हता आणि तो महत्त्वाचाही नव्हता. तिचा विश्वास होता.

उरलेले गठ्ठे छापखान्यातून आणि घरातून उचलले. मग पुढच्या बाजाराच्या दिवशी तळेगावला गेले. वाटलेलं पत्रक परत मागायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मिरच्या विकणाऱ्या एका मावशींपुढं तीन-चार पत्रकं दगडाखाली होती.

"मावशी, तेवढे कागद परत देता का?"

"आँ? मागल्या बाजारी तर ठेसून ठेसून देत हुतीस. घ्या, वाचा, जागं व्हा. झालो की जागं. आता म्हनती परत दे?"

शेजारचा कांदेवाला म्हणाला, "काय लिवण्यात चुकलं काय ताई?"

"चित्र चुकलं."

"चित्राकडं कोन बघतंय? मी मिरच्या बांधल्या त्यात," मावशी म्हणाल्या. तरी त्यांनी दगड उचलून कागद दिले, वर एक पुडी सोडून मिरच्या पिशवीत ओतल्या आणि तो कागदही हातानं सरळ करून दिला. फाळाच्या जागी मिरचीचा हिरवा डाग पडला होता. भेळवाल्याकडचे संपले होते. दाढी करणाऱ्या न्हाव्याकडे साबणानं भिजलेला एक मिळाला. एसटीच्या चाकाखाली गेलेले, खिशात घालून नेलेले, गटारात पडलेले कुठून आणणार?

आप्पांच्या गुऱ्हाळावर पोचले तेव्हा म्हातारी वाट बघत होती असं वाटलं, कारण भिंत नव्यानं लिंपून तयार होती. सून खाटेवर आडवी होती, पाय सुजलेले. मी गठ्ठा पुढं ठेवला. म्हातारीनं वरचे काही कागद चाळले, मिरचीचा डाग बघितला, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सब?"

मी आयुष्यभर लोकांना खरं सांगण्यासाठी कागद छापले. हे मी स्वतःबद्दल अभिमानानं सांगत आले.

"सब," मी म्हणाले.

तिनं लगेच विश्वास ठेवला. पडताळणं तिच्या मनातही आलं नाही. सगळे कागद तिनं पाण्यात बुडवले, शाई सुटेपर्यंत कुस्करले, आणि लगदा मुलाकरवी कालव्याच्या वाहत्या पाण्यात सोडायला पाठवला. जमिनीवर टाकू नको, असं त्याला दोनदा बजावलं. मग चुना कालवला.

मला तेव्हाही सांगता आलं असतं. मी सुनेकडे बघितलं. ती कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली होती. आजही मला ठरवता येत नाही की मी तिच्यासाठी गप्प राहिले की स्वतःसाठी, आणि ठरवता येत नाही यातच उत्तर आहे.

म्हातारीनं चुन्याची वाटी माझ्या हातात दिली. "पकड़. हिलाना मत."

मी वाटी धरून उभी राहिले. तिनं बोट बुडवलं आणि धरतीचा पहिला हात काढायला घेतला.