ओटीत गेलेलं डिझाइन नंबर ४१७

भिवंडीतल्या नारपोलीच्या राहीबाई टेक्सटाइल्समध्ये श्रीनाथ ठोसर बी.कॉम. होऊन क्लार्क म्हणून लागले, तेव्हा कंपनीची सगळी डिझाइनं एका जाडजूड रजिस्टरात राहायची. नव्या कापडाचा चार बोटांचा तुकडा कापायचा, डिंकाने चिकटवायचा, शेजारी नंबर घालायचा. हे काम ठोसरांनी तेहतीस वर्षं इतकं मन लावून केलं, की त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना खिशापाशी डिंकाचा एक कायमचा कडक पट्टा होता.

मग मालकांच्या नातवाने, म्हणजे मितेशशेठने, पुण्याहून सॉफ्टवेअर आणलं. शेजारच्या कारखान्यांतून डिझाइनं चोरीला जात होती, म्हणून प्रत्येक डिझाइन आता त्या सॉफ्टवेअरच्या कुलपात राहणार होतं. कोणी काढलं, कधी काढलं, कोणी उघडून पाहिलं, त्याची सरकारी नोंदणी कधी संपते, सगळं ते लिहून ठेवणार. त्याचे राखणदार म्हणून ठोसरांची नेमणूक झाली. हुद्दा मिळाला ‘कस्टोडियन’. सोसायटीत काही दिवस लोकांना ते कस्टममध्ये लागले असंच वाटत होतं, आणि ठोसरांनी ते फार घाईने दुरुस्त केलं नाही.

राखण मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून केली. कोणी पेनड्राइव्ह लावू नये म्हणून सगळ्या कॉम्प्युटरांची भोकं त्यांनी नळाला लावतात त्या एमसीलने बुजवून टाकली. त्यात एकाचा माउसही कायमचा चिकटला. खुद्द मितेशशेठने एकदा जुनं डिझाइन मागितलं, तर ठोसर म्हणाले, “आधी सिस्टीममध्ये रिक्वेस्ट टाका.”

“काका, मालक मीच आहे ना?”

“म्हणून तर लगेच मंजूर करतो. पण टाका.”

आणि तरीही ४१७ नंबर फुटला.

४१७ हे मृणालीचं डिझाइन. मृणाली पडघ्याच्या अलीकडच्या गावातली, डिझाइन विभागातली सगळ्यांत नवी मुलगी. तिने ड्रेसच्या कापडावर एक बारीक सोनेरी बुट्टी काढली होती. लांबून पाहिलं तर कोयरी, जवळून पाहिलं तर जवळा, तोच, सुकट करतात तो. तिच्या आजोळची माणसं खाडीवर जवळाच मारायची. माल ईदच्या आधी बाजारात यायचा होता. त्याच्या तीन आठवडे आधी मितेशशेठला तोच जवळा निजामपुऱ्यातल्या एका दुकानाबाहेर टांगलेला दिसला.

ठोसरांनी सॉफ्टवेअर उघडलं आणि एका बोटाने टाइप करत शोध घेतला. मृणालीने एका आठवड्यात ती फाइल तेवीस वेळा उघडली होती. एकदा तर सकाळी सहा चाळीसला, घरून. ठोसरांना वाटलं, सापडला चोर. त्यांनी सिस्टीममध्येच अहवाल लिहिला, “सदर कर्मचाऱ्याचे वर्तन संशयास्पद आहे.” तो लिहिताना त्यांना जो आनंद झाला, तो पुढे बरेच दिवस त्यांना आठवत राहिला आणि दर वेळी कानाच्या पाळ्या गरम करून गेला.

“काका, माझं डिझाइन हाय,” मृणाली म्हणाली. “मी न्हाय बघणार तर कोण बघणार? मला ते आवडतं.”

“सिस्टीम खोटं बोलत नाही,” ठोसर म्हणाले.

शनिवारी चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. चौकशीत ती दोषी ठरली की नोकरी जाणार, आणि अशी गेलेली नोकरी भिवंडीतल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात मिळत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुरावा पक्का करावा म्हणून ठोसर गुरुवारी गिऱ्हाईक बनून त्या दुकानात गेले. दुकानदार रामनाथ बोलका माणूस.

“कुणाचा आहे हा माल?” ठोसरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आमचाच. बनवून घेतला.” रामनाथने गल्ल्याखालून एक ब्लाउजपीस काढला. “बायकोला हळदीकुंकवात ओटीत मिळाला. म्हटलं, ओटीचा खण आणि इतका भारी? एका लूमवाल्याला दाखवला, म्हटलं असाच पाहिजे. इसमें क्या है काका, कपडा कपड्यासारखा.”

ठोसरांनी तो तुकडा हातात घेतला. काठावर निळ्या बॉलपेनने ४१७ लिहिलं होतं. सातला मधोमध आडवी रेघ होती. तशी रेघ राहीबाई टेक्सटाइल्समध्ये एकच माणूस मारतो.

सॉफ्टवेअर आलं तरी रजिस्टर चालूच होतं. नमुन्याची चार बोटं कापून झाली की उरलेलं कापड ठोसर घरी न्यायचे. तेहतीस वर्षं नेत होते. त्यात चोरी कसली? उरलेला तुकडाच तो. डिझाइन कॉम्प्युटरमध्ये असतं, कुलपात असतं. कापडालाही डिझाइन असतं हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं, “सरला, संक्रांतीला ओट्या किती भरल्यास?”

“अकरा. का हो?”

“त्यातला तो सोनेरी कुणाला दिलास?”

“शेजारणीला दिला. तिने नणंदेच्या ओटीत घातला असेल. ओटीतला खण कोणी शिवतं का? तो फिरत असतो.” मग त्यांचा चेहरा पाहून सरला थांबली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, “एवढं गुपित होतं तर घरी कशाला आणत होतात? मी तर सगळ्यांना अभिमानाने सांगायचे, यांच्या कंपनीचं आहे, अजून बाजारात आलेलंसुद्धा नाही.”

ठोसर त्या दिवशी जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. रामनाथला सातच्या रेघेशी काही देणंघेणं नव्हतं. तुकडा त्याने “ठेवा, काका” म्हणून देऊनही टाकला होता. रिटायर व्हायला सहा महिने होते. गप्प बसलं असतं तर जगात कुणालाच कळलं नसतं. सरलाला कळलं होतं, पण ती “तुम्ही बघा” म्हणून भांडी घासायला गेली. यापेक्षा तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तो तुकडा मितेशशेठच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. शेठ आधी हसला, मग त्याने तो सात निरखून पाहिला.

“उद्याची चौकशी रद्द. पण मला सांगून काय उपयोग, काका? तिला सांगा. घरी जाऊन सांगा.”

पडघ्याच्या बसने ते गेले. दारात मृणालीचे वडील बाळाराम उभे होते. पाहुणा कंपनीतून आलाय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची झटकली, पंखा लावला, पाणी आणलं. “बसा, सायेब. पोरीला म्हटलं व्हतं मी, कंपनी चांगली माणसं धाडल.” त्यांना वाटलं, साहेब पोरीचं कौतुक करायला आलेत. चहात साखर जास्तच घातली होती. ठोसरांनी तो अर्ध्यावर ठेवला आणि बाळारामांच्या देखतच बोलले. ब्लाउजपीस, ओटी, सातची रेघ, सगळं. बाळारामांनी उठून पंखा बंद केला. उकाडा असूनही ठोसरांना ते योग्यच वाटलं.

“सोमवारी येते,” मृणाली म्हणाली. “पण तो अहवाल काढून टाका.”

“काढता येत नाही, बाळा. सॉफ्टवेअर काही पुसू देत नाही. एकदा लिहिलं की राहतं. खाली टीप तेवढी जोडता येते.”

“मग खाली लिवा. माझ्यासमोर लिवा.”

सोमवारी ती त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. ठोसर एका बोटाने टाइप करू लागले, “सदर नमुना अनवधानाने कंपनीबाहेर गेला.”

“कोनाच्या हातून?”

त्यांनी ‘श्रीनाथ’ टाइप केलं.

“सेव्ह करू?”

“थांबा, काका. वरती माझं नाव पुरं लिवलंय तुमी. माझ्या बापाचं नाव पन हाय त्यात.”

ठोसरांनी वर पाहिलं. होतं. मृणाली बाळाराम, पुढे आडनाव, पुढे ‘वर्तन संशयास्पद’. लिहिताना त्यांना ते नियमाप्रमाणे वाटलं होतं. त्या दिवशी पंखा लावणारा माणूस तो हाच.

त्यांचे स्वतःचे वडील शाळामास्तर होते. खडूचा तुकडासुद्धा घरी आणायचे नाहीत. ठोसरांनी खाली ‘श्रीनाथ’पुढे हळूहळू एकेक अक्षर शोधत ‘चांगदेव’ टाइप केलं, मग ‘ठोसर’. मागे उभ्या मृणालीने पुढे वाकून ते अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाली, “आता करा.”