मंत्रालयबाईंची मुदत

विद्यापीठात बाईंना सगळे ‘मंत्रालय’ म्हणत, अर्थात पाठीमागे. जपान, कोरिया, तैवानच्या अर्थकारणाच्या अभ्यासात त्यांनी उभा जन्म घालवला होता. तिथलं सरकार कारखानदाराला स्वस्तात कर्ज द्यायचं, पण ठरल्या मुदतीत माल परदेशी गेला नाही की हात आखडता घ्यायचं. त्या धाकानं ते देश उभे राहिले, असं बाई वर्गात सांगत. सांगत कसल्या, करून दाखवत! मंत्री होऊन गुरकावत, लगेच कारखानदार होऊन गयावया करत. विद्यार्थ्यांनाही तोच कायदा: प्रबंधाचं प्रकरण वेळेत आलं नाही, तर नाव कमी.

आता निवृत्ती तोंडावर आली आणि संशोधन करणारा विद्यार्थी उरला एकच. तो गेला की विषयाला कुलूप. नेमकं त्याचंच शेवटचं प्रकरण अडलं. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात दुसरं कुणी नाही.

“ताई, विभागाकडून मुदत वाढवून घे की त्याला,” धाकटी बहीण म्हणाली. “हट्टापायी विषय बुडवतेस?”

“ज्यांना वाढवून मिळाली ते कारखाने बुडाले.”

“अगं, कारखाना नाही, पोरगा आहे तो!”

दुसऱ्या दिवशी बाई त्या विद्यार्थ्याच्या दारात हजर. तो वडिलांना चमच्यानं दूध भरवत होता. लिहिलेले कागद खिडकीत तसेच पडलेले.

“बाई, तुम्ही? ती मुदत...”

“वाढणार नाही. चमचा दे इकडे आणि लिहायला बस.”

मग रोजच येऊ लागल्या. म्हातारबाबांची वाचा गेली होती. बाई भरवताना मंत्र्याची नक्कल करत, कारखानदाराची करत. कारखानदार रडू लागला की बाबांचे ओठ हलत, आणि तेवढ्यात बाई चमचा आत सारत. पलीकडच्या खोलीत लिखाण पुढे सरकत होतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी बाबा गेले. थोडीच पानं उरली होती.

सकाळी बाई विभागप्रमुखांपुढे उभ्या राहिल्या.

“मुदत वाढवून हवी आहे.”

प्रमुखांना हसू आवरेना. तेही कधीकाळी बाईंचेच विद्यार्थी. “मंत्रालयच मुदत मागायला लागलं, तर आम्ही कुणाला भ्यायचं? कारण काय लिहू?”

“घरातलं माणूस गेलं.”

प्रमुखांचं हसू विझलं. “त्याच्या घरातलं?”

“मीही भरवत होते हो त्यांना,” बाई म्हणाल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा खणखणीत आवाज आज टेबलापलीकडेही जेमतेम पोचला.

प्रमुखांनी पुढे काही विचारलं नाही. महिनाभराची मुदत लिहून दिली.