गवताच्या गाडीवरचा पक्षी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या चित्रकाराला सगळे ‘हुबेहूब’ म्हणतात. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि खरे सांगायचे तर आवडतेही. जुन्या नामवंत चित्रकारांनी रंगवलेली शेते, गुरे, गवताच्या गंजी, नदीकाठची झोपडी अशा चित्रांच्या तैलरंगात प्रती काढून लोकांच्या घरांसाठी देणे, हाच त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. कोणी म्हणाले, “या शेतात आमची गाय पण घाला की,” तर ते ब्रश खाली ठेवत आणि म्हणत, “गाय हवी असेल तर गोठ्यात जा. माझ्याकडे मुळात असेल तेवढंच मिळेल.”

त्यांची काम करण्याची पद्धत मी पुष्कळदा पाहिली आहे. छापील चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे, त्यावर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तितकेच चौकोन कॅनव्हासवर आखायचे आणि मग दोन्ही उलटे करायचे. डोके खाली, पाय वर. मी एकदा कारण विचारले.

“वहिनी, सरळ ठेवलं की हात शहाणपणा करतो. गाडी दिसली की आपल्या मनातली गाडी काढतो. उलटं ठेवलं की त्याला काही कळत नाही, मुकाट्याने समोरचं उतरवतो.”

चित्र पूर्ण झाले की ते सरळ करताना त्यांची बायको शेजारी उभी असे. ते तिचे ठरलेले काम. तिला जाऊन आता सात वर्षे झाली.

सगळ्यात जास्त मागणी एकाच चित्राला होती. गवताने लदलेली गाडी, तिच्यामागे चालणाऱ्या दोन बायका, एक झाड आणि अर्ध्याहून अधिक जागा व्यापणारे आकाश. त्या आकाशात झाडाच्या उजवीकडे एक छोटा तपकिरी पक्षी. आमच्या जेवणाच्या टेबलासमोर तेच आहे. आमचे हे शेवटच्या आजारपणात खुर्ची मुद्दाम तिकडे वळवून बसत. म्हणत, “सगळे थकून घरी चाललेत, एकटा तो पक्षी काय तो कामाला निघालाय.”

गेल्या महिन्यात चित्रकलेच्या एक शिक्षिका या चित्राची प्रत न्यायला आल्या. त्या नुकत्याच परदेशातल्या संग्रहालयात मूळ चित्रासमोर उभ्या राहून आल्या होत्या. प्रत पाहून खूश झाल्या आणि मग म्हणाल्या, “काका, हा पक्षी कुठून आला?”

“मुळातलाच आहे, बाई.”

“मुळात नाहीये. हे बघा.” त्यांनी फोनवरचा फोटो मोठा करून दाखवला. आकाश रिकामे होते.

बाई गेल्यावर हुबेहूबांनी भिंग काढले आणि पुठ्ठ्यावरचे छापील चित्र न्याहाळले. पक्षी शाईचा नव्हता. त्यांनी आखलेली पेन्सिलीची रेघ त्याच्या खालून जात होती. तो डाग होता, मसुराच्या दाण्याएवढा, एका बाजूला शेपटीसारखा फराटा असलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात पेटी, खांद्यावर रंगाचे फडके, आणि चेहरा उतरलेला.

“वहिनी, चित्र खाली काढा. पक्षी पुसायचाय.”

“बसा तरी आधी.”

“बसायला तोंड आहे कुठे? एकतीस घरांत घाण करून ठेवलीय मी. आयुष्यभर हुबेहूब, हुबेहूब म्हणून मिरवलो, आणि काढत काय होतो, तर डाग! सगळ्या घरांतून पुसून येणार. त्याशिवाय ब्रश हातात धरायचा नाही, ठरवलंय.”

“सुरुवात माझ्यापासून?”

“नाही, आधी केशकर्तनालयात गेलो. मालकाने हाकलून दिलं. म्हणाला, ‘माझी निम्मी गिऱ्हाइकं दाढी होईपर्यंत त्या पक्ष्याकडे बघतात म्हणून मान हलवत नाहीत. हात लावाल तर तुमच्या मिशा काढीन.’”

मला हसू आले, त्यांना आले नाही. त्यांनी टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि कापसाचा बोळा भिजवला. तेव्हा मात्र मला गप्प राहवेना. तेवीस वर्षे मी एक शब्द पाळला होता. तो ज्या माणसासाठी पाळला, ते माणूस आता नाही. आणि असते तर तिनेच मला बोलायला सांगितले असते, असे मला वाटले.

“भाऊजी, तो बोळा खाली ठेवा. पाच मिनिटं द्या मला.”

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय मी अजून सोडलेली नाही. त्या वर्षीची निळ्या पुठ्ठ्याची वही काढली, पान शोधले आणि त्यांच्यासमोर धरले.

‘मंगळवार. दुपारी चारला खालून ती धावत आली. भाऊजींच्या नव्या छापील चित्रावर चहाचा थेंब सांडला, बोटाने पुसला तर आणखी पसरला. रडत होती. चौकोन आखून झाले आहेत, दुसरी प्रत मिळणार नाही. कुणाला सांगू नका म्हणाली. सांगणार नाही.’

खाली तीन आठवड्यांनंतरची नोंद होती. ‘चित्र आज सरळ केले. ती वर येऊन म्हणाली, “अहो, पक्षी झाला त्याचा!” दोघी पोट धरून हसलो.’

त्यांनी दोन्ही नोंदी वाचल्या. चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

“ही दर वेळी चित्र सरळ केलं की एकच वाक्य बोलायची,” ते म्हणाले. “‘पक्षी छान उतरलाय.’ एवढं आकाश, एवढी गाडी, आणि हिला दिसतो काय, तर पक्षी. मी म्हणायचो, तुला चित्रातलं ओ की ठो कळत नाही.”

“मग ती काय म्हणायची?”

“हसायची.”

त्यांनी भिंतीवरच्या पक्ष्याकडे एकदा पाहिले. मग बाटलीचे झाकण घट्ट लावले. म्हणाले, “ती सांगती तर मी रागावलो असतो का हो?”

“असता,” मी म्हणाले.

“असतो,” ते म्हणाले.

शिक्षिकाबाईंच्या प्रतीतला पक्षी मात्र त्यांनी पुसून टाकला. बाई ‘राहू दे, छान दिसतोय’ म्हणाल्या तरी ऐकले नाहीत. बाईंनी मूळ पाहिले होते, त्यांना मूळच द्यायचे. बाकीच्या तीस घरांतले पक्षी तसेच राहिले.

काल मी खाली गेले तर चित्राच्या लाकडी घोडीवर नवा कॅनव्हास होता. तीच गाडी, त्याच दोन बायका. आणि चित्र चक्क सरळ ठेवलेले.

“हे कुणाचं?”

“माझं. आमच्या भिंतीवर एक लावा, एक लावा म्हणून ही किती वर्षं मागे लागली होती. दर वेळी म्हटलं, आधी गिऱ्हाइकांचं.” त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश उचलला. आकाश भरून झाले होते, फक्त झाडाच्या उजवीकडची जागा उरली होती. “वहिनी, डोळे साथ देत नाहीत. भिंग घ्या आणि सांगा, तिचं बोट कुठून कुठे गेलंय?”

मी पुठ्ठा खिडकीशी नेला, भिंग धरले आणि सांगितले, “डावीकडून वर, भाऊजी. हलक्या हाताने.”