स्टेडियममध्ये खुर्च्या येतात

तमाम फुटबॉलवेड्या कोल्हापूरकरांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आपल्या स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवल्या जात आहेत.

मी काल बघून आलो. गोलपोस्टमागची आमच्या पेठेची पायरी तेवढी उरली होती. तिच्यावर दर मॅचला हजर असणाऱ्या आमच्या पेठेतल्या शांतामावशी ठाण मांडून बसल्या होत्या आणि ड्रिल घेतलेला कामगार समोर ताटकळत होता. पूर्वी इथे नुसता मातीचा उतार होता, मग हे दगड आले आणि आमच्या बसण्याने गुळगुळीत झाले. इथे चौघांच्या जागेत सातजण मावतात, कारण "सरका की जरा!" म्हटलं की जागा होते. खुर्ची कुणासाठी सरकणार? गोल झाल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारायची, तर मध्ये खुर्चीचे हात! ही म्हणे सुविधा.

खुर्च्यांचं काम बघणारा इंजिनिअर गोडीत म्हणाला, "मावशी, उठा आता. खुर्चीला टेकायला पाठ आहे, आरामात बसाल."

मावशींनी पदर खोचला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "आराम करायला घर हाय की माझं! हितं मॅच बघायला येतो आम्ही!"