त्याची जागा

शहराची घाण वाहून आणणारा नाला तळ्यात शिरण्याआधी जिथे पसरट होतो, तिथे पुरुषभर उंचीचं पाणकणीस माजतं. पाणी तुंबू नये म्हणून ते वर्षातून दोनदा कापायचं, हे तिचं काम. सगळे तिला विळेवाली म्हणत. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला विळा आणि जिभेवर शिव्या, असा थाट. मुकादमसुद्धा तिच्याशी बोलताना दोन पावलं लांबच उभा राहायचा. पण ही वाघीण एका जागी शेळी व्हायची.

ती जागा बंद पडलेल्या पंपघरामागे, नाल्याच्या वळणावर. कापणाऱ्या बायकांची रांग तिथवर आली की सगळ्याजणी गप्प होऊन वळसा घालायच्या. त्या तुकड्याला त्या ‘त्याची जागा’ म्हणत. तो म्हणजे विळेवालीचा नवरा. तोही कापणाराच. लग्नाची नवलाई संपायच्या आत एका सकाळी त्याचा विळा आणि चपला तिथे काठावर सापडल्या. तो काही सापडला नाही. लोकांनी बांबू घालून गाळ ढवळला. गाळ खोल आहे, माणूस गिळतो, असं म्हणून शेवटी सगळे परत फिरले. सासूने हंबरडा फोडला. तेव्हापासून त्या तुकड्याला कुणी विळा लावला नाही.

आणि तिथून कुणीतरी खाकरायचं. वारा पडलेला असो, भर दुपार असो, आतून आवाज यायचा, घसा साफ केल्यासारखा. त्याला तशीच सवय होती. ऐकलं की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि चार दिवस ऐकू आलं नाही तर करमायचंही नाही. मग ती पंपघराच्या पायरीवर बसून आत बघत हळूच काहीबाही सांगायची. बाप गेला ते, सासूचा ताप हटत नाही ते, पहिला पांढरा केस सापडला तेही. उत्तर म्हणून कधी खाकरणं, कधी नुसती सळसळ.

कधीतरी तिथे विळा चालवावा, असं मनात यायचं. पण हाताला हाड लागलं तर? आणि काहीच लागलं नाही तर? या दुसऱ्या प्रश्नाला ती फार भ्यायची. मेलेल्या नवऱ्याचं दुःख माणूस पोटात घालतो. टाकून गेलेल्याचं कुठे घालायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने ती झाकूनच ठेवली.

यंदा मुकादमाच्या डोक्यात आलं की पंपघरामागे फिरायला रस्ता करावा, त्यासाठी तो तुकडा साफ करावा. त्याने हुकूम सोडला आणि विळेवालीचं जेवणावरून मन उडालं. तिला वाचवलं ते पाणी तपासणाऱ्या बाईंनी. बाटल्या घेऊन त्या नाल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या आणि त्याच तुकड्यापाशी येऊन थांबल्या. आत जाणारं पाणी फेसाळ, वासाचं. बाहेर पडणारं असं की तळाचे खडे दिसावेत. बाकीकडे दरवर्षी पाय पडतात, गाळ उसवतो. इथे कुणी गेलंच नाही, त्यामुळे मुळांचं दाट जाळं झालंय, गाळ तिथेच बसतो, आणि मुळांना चिकटलेले बारीक जीव घाण खाऊन टाकतात, असं त्यांनी मुकादमाला समजावलं. तळ्यातली मासळी जगते ती या पाण्यावर. त्यांनी विळेवालीला एक पक्षीही दाखवला, काळपट, शेपूट उडवत पिल्लं घेऊन चाललेला. हाच खाकरतो म्हणाल्या. पक्षी खाकरतो हे तिला पटलं. पक्षीच खाकरतो, हे काही पटलं नाही.

कुंपण घालायचं ठरलं. राखण तिच्याकडे. आता त्याला कायमची शांती, या विचाराने ती हलकी होऊन घरी आली.

घर म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली, दोन खाटा, मध्ये स्टोव्ह. सासू-सुनेचं चांगलं जमायचं. भांडून जाणार तरी कुठे, दोघींना तिसरं कुणीच नव्हतं. तिने जेवताना कुंपणाची बातमी सांगितली. सासूचा घास हातातच राहिला.

“तो तिथे नाही गं,” सासू म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पोरगा दुसरीला घेऊन गेला होता. आईला सांगून गेला होता. चपला आणि विळा तिनेच उजाडायच्या आत काठावर नेऊन ठेवला.

“खरं कळलं असतं तर तू माहेरी गेली असतीस. मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?” हातातला घास ताटात ठेवून ती म्हणाली, “रडले ते मात्र खोटं नव्हतं. माझंही पोर गेलंच होतं.”

सुनेने ताटं घासली, पालथी घातली. सकाळी ती रांगेत न जाता थेट पंपघरामागे गेली आणि पाण्यात उतरून पहिली मूठ कापली. मग दुसरी. पाय कशालाच अडखळेना. मुळांच्या सावलीत बारीक मासे स्थिर उभे होते. तेवढ्यात आतून कुणीतरी खाकरलं, आणि सगळं ठाऊक असूनही तिच्या अंगावर तसाच काटा आला. म्हणजे इतकी वर्षं आपण कुणाशी बोलत होतो? बापाचं मरण, तो ताप, तो केस, हे सगळं कुणी ऐकलं? तिला रडू फुटलं. जवान असताना ती इथे येऊन बसली होती आणि उठली ती म्हातारी होऊनच. विळा पाण्यात धुऊन ती काठावर आली.

संध्याकाळी सासूने स्टोव्ह पेटवला नव्हता. ती दाराकडे तोंड करून बसली होती.

“कापलंस?”

“दोन मुठी. पुढे नाही.”

“अगं, पण तो नाहीये तिथे.”

“तो नाही,” सून बूट काढत म्हणाली. “मी आहे ना तिथे.”