जवाईबापूंचं लेझर

डेंग्यूतून उठलेल्या आईला नागपूरहून पांढुर्ण्याला घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी एकच बजावलं होतं: डास चावू देऊ नका, दुसऱ्यांदा झाला तर जिवावर बेतेल. मी मच्छरदानी बांधली. कूलरच्या टाकीतलं पाणी उपसायचं मात्र उद्यावर ढकललं. नळ चौथ्या दिवशी येतो, त्यामुळे पाणी सांडणं आमच्याकडे पाप.

दुसऱ्याच दिवशी सौसरहून धाकट्या बहिणीचे यजमान आले, लेझर घेऊन. उडता डास हेरून जागीच जाळणारं, ऑनलाइन मागवलेलं मशीन! आमच्याकडे जावयाच्या ताटातली भाजी खारट झाली तर सासू रडते; त्याच्या मशीनला नाव कोण ठेवणार?

"मच्छरदानी काढा, मशीनले मच्छर दिसून नाही राहिले," जवाईबापूंनी फर्मावलं. मी निमूट काढली. दिवेलागणीला ते खिडक्या उघडायला लावत. का, तर मारायला डास नको का यायला! गल्ली जमे. बारीकसा चट् आवाज झाला की टाळ्या. मशीन मांडलं होतं कूलरवरच, आणि खाली टाकीत अळ्या वळवळत होत्या. शहाण्यांचा बाजार नुसता.

शिवाय अंधार पडल्याशिवाय ते चालायचं नाही, आणि डेंग्यूचा डास चावतो दिवसा. हे पाचवीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्यांना ते मीच शिकवतो. पण जावयासमोर माझं विज्ञान गेलं चुलीत.

जवाईबापू सौसरला परतले, मशीन राहिलं. मी आईला विचारलं, "मच्छरदानी बांधू का?"

"राहू दे. उद्या फोन करतीन, कायले बांधली म्हून इचारतीन. एवढ्या हौसेनं आनलं, त्यायचं मन कायले मोडतं?" दंड खाजवत ती म्हणाली. मला चीड आली, तिचीही आणि माझीही. तरी बांधली नाहीच.

आठवड्याभरात तिचं अंग पुन्हा तापलं. नागपूरच्या वाटेवर गाडीत ती ग्लानीत पुटपुटली, "जवाईबापूले सांगू नको, मशीननं काम नाही केलं म्हून. मनाले लावून घेतीन."

दवाखान्यात नर्सनं तिला आत घेऊन दार लावलं, आणि जवाईबापूंचा फोन आला. "सासूबाई कशा आहेत? मशीन चालू आहे ना?"

"हो," मी म्हणालो, "मस्त चालू आहे."