काकूंचं मत

मागच्या गुरुवारी बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या मराठी वाचनालयात तिथल्या ग्रंथपालाने नेहमीसारखा आपल्यातला अर्धा चहा मला बशीत ओतून दिला आणि विचारलं, "काय काका, काकूंना कशी वाटली?"

त्याचा नियमच तो. कादंबरी परत केली की मत सांगायचं, त्याशिवाय दुसरी मिळत नाही. मत तो शिसपेन्सिलीने मागच्या पानावर लिहितो, सभासदाच्या नंबरासकट. कोणी गुजरातीत नुसतं "सारुं छे", चांगलं आहे, एवढंच म्हटलं की चिडतो. "सारुं म्हणजे काय? जेवण आहे का?"

माझी बायको गुडघ्यांमुळे दोन वर्षं घरीच होती. वाचायची ती, मी नुसता निरोप्या. मी चौथी पास, मकरपुऱ्यातल्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. तिची मतं जहाल. "या बाईला रडण्यापलीकडे उद्योग नाही," असली. तो लिहिताना खूश व्हायचा.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. त्याला मी सांगितलंच नाही. तिला काय वाटतं, हे विचारणारा अख्ख्या बडोद्यात तो एकटाच उरला होता. मी कादंबरी आणायचो, तिच्या उशाशी ठेवायचो, परत न्यायचो.

"बरी आहे म्हणाली," मी सांगितलं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "काकू 'बरी आहे' कधी म्हणत नाहीत. ही चौथी वेळ. काका, काकू आहेत ना?"

"नाही," मी म्हटलं.

तो उठला. आधीच्या तिन्ही कादंबऱ्या शोधून त्याने तिच्या नंबरापुढची माझी खोटी मतं रबराने खोडली. "त्यांच्या नावावर खोटं नको." बरोबरच होतं त्याचं. तरी त्याचा हात धरावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो यायच्या आधीच, मी तिचं सभासद कार्ड वाचनालयाच्या शटरखालून आत सरकवलं.